सव्वातीन इंचांचा कायदा

सॅन डिएगोच्या शेल्टर आयलंडवर बोटी पाण्यात उतरवायचा एक रॅम्प आहे. सप्टेंबर संपत आला की एका ठरलेल्या शुक्रवारी दुपारपासूनच तिथे गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीच्या मागे ट्रेलरवर बोट, बोटीत गोल कड्यांच्या जाळ्यांची चळत, दोरांची वेटोळी आणि बादलीभर माशांची डोकी. पाचच्या सुमारास बोटी खाडीत पोचतात, आपापल्या जागा धरतात आणि थांबतात. जाळं मात्र कोणी पाण्यात सोडत नाही. सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. सहा वाजल्याशिवाय शेवंडीला हात लावायचा नाही, असा कॅलिफोर्निया राज्याचा नियम आहे. सहाला एक मिनिट कमी असलं तरी तो पाळायचा असतो, हे मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं.

मी रत्नागिरीकडची. शेवंड मला नवी नाही. आमच्याकडे खडपातल्या कपारींत हात घालून शेवंड काढणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. इथली शेवंड आपल्या शेवंडीच्याच पॅन्युलिरस वंशातली. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मेन राज्यात मिळणाऱ्या लॉबस्टरला मोठाल्या नांग्या असतात, त्या हिला नाहीत. हिला आहेत लांबलचक मिशा आणि पाठभर काटे. त्यामुळे भाच्याने 'मावशी, रात्री शेवंड धरायला येतेस का?' म्हणून विचारलं तेव्हा मी लगेच निघाले. मला वाटलं होतं, रात्रीचा समुद्र बघायला मिळेल. बघायला मिळाला तो एक कायदा, आणि त्याने मला समुद्राइतकंच थक्क केलं.

हंगाम उघडतो तो ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी सहाला. संपतो १५ मार्चनंतरच्या पहिल्या बुधवारी. पूर्वी तो मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने उघडत असे. पहिली शेवंड आपल्याला मिळावी म्हणून माणसं काळोखात, थंड पाण्यात, लाटांची पर्वा न करता उड्या टाकत. अपघात होत, जीवही जात. मग सरकारने वेळ आधी शनिवार सकाळवर नेली आणि पुढे शुक्रवार संध्याकाळवर आणली, म्हणजे सुरुवात तरी उजेडात व्हावी. शेवंडीच्या नियमात माणसाच्या जिवाचाही विचार झालेला पाहून मला बरं वाटलं.

सहा वाजले. एका दमात साऱ्या खाडीभर जाळी पाण्यात पडली. ही जाळी म्हणजे दोन कडी आणि त्यांच्यामध्ये विणलेला झोळ. मध्यभागी आमिषाचा छोटा बंद डबा, त्यात तेलकट मासळी, बांगड्याचे तुकडे, सामनची डोकी. डबा बंद ठेवावा लागतो, नाहीतर समुद्रसिंह येऊन आमिष पळवतात. खाडीच्या तोंडाशी त्यांचा कळप पडून असतो आणि रात्रभर भुंकत असतो. जाळं तळाशी जाऊन सपाट पसरतं. शेवंड वासावर चालत येते, आमिषाशी झटते आणि तिला वाटेल तेव्हा निघूनही जाऊ शकते. तिला अडकवून ठेवणारं तिथे काहीच नसतं. पिंजरे लावायला हौशी माणसाला बंदी आहे. पिंजरे फक्त परवानाधारक धंदेवाईक मच्छीमारांचे, आणि त्यांच्याही पिंजऱ्याला लहान शेवंडींना बाहेर पडण्यासाठी ठरावीक मापाची खिडकी ठेवावीच लागते. हौशी माणसाच्या वाट्याला फक्त हे सपाट जाळं आणि स्वतःचे हात.

अंधार पडला तशी खाडी उजळली. प्रत्येक जाळ्याच्या बोयाला लोकांनी प्रकाशाची कांडी बांधली होती. हिरवे, निळे, लाल ठिपके लाटांवर खालीवर होत होते. एका बाजूला नौदलाच्या तळावर विमानवाहू जहाज उभं, लांबवर कोरोनाडोच्या पुलाची कमान, दुसऱ्या बाजूला पॉइंट लोमाचा काळा डोंगर. हवेत गारवा होता आणि बोटीत आमिषाचा उग्र वास. मला तो वास अजिबात परका वाटला नाही.

अर्ध्या तासाने पहिलं जाळं ओढायची वेळ आली. ओढण्यात खरं कसब आहे. आधी दोराचा ढिलेपणा अगदी हळू काढून घ्यायचा, तळाशी काही हलल्याचं शेवंडीला कळता कामा नये. मग एक जोरदार हिसका, आणि त्यानंतर जाळं वर येईपर्यंत क्षणभरही थांबायचं नाही. वरचं कडं उचललं गेलं की झोळाची पिशवी होते. हात मंदावला तर शेवंड शेपटी आपटते आणि उलट्या दिशेने सुसाट निघून जाते. भाच्याचा मित्र, बोटीचा मालक, दोर ओढत होता. ते पाहून मला राहवेना. मी पुढे झाले, तर भाच्याने हाताने अडवलं. "मावशी, दोराला हात लावायचा तर तुझ्या नावाचं कार्ड पाहिजे. तू आज फक्त बघ."

त्या कार्डाविषयी पुढे सांगते. आधी जाळ्यात काय आलं ते सांगू दे.

पहिल्या जाळ्यात दोन शेवंडी होत्या. एकीला भाच्याने हातमोजा घालून पाठीवर धरलं, तशी तिने करकर असा आवाज काढायला सुरुवात केली. कपारीतून ओढून काढलेली आमच्याकडची शेवंड असाच आवाज करते, पण तो येतो कुठून ते मला ठाऊक नव्हतं. शीला पटेक या शास्त्रज्ञ बाईंनी २००१ साली 'नेचर'मध्ये ते दाखवून दिलं. मिशीच्या बुडाशी एक मऊ भाग असतो, तो डोळ्याखालच्या बारीक खवल्यांच्या पट्टीवरून घासला जातो, व्हायोलिनच्या तारेवरून गज फिरावा तसा. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, लढायला काहीच हाताशी नसतं, तेव्हाही हा आवाज तिला काढता येतो. शिकाऱ्याला दचकवायचं आणि तेवढ्यात निसटायचं. आमच्या बोटीत ती निसटू शकली नाही, पण तिने अंग इतकं जोरात झटकलं की खारं पाणी थेट माझ्या तोंडावर उडालं.

मग भाच्याने खिशातून पितळेची एक छोटी पट्टी काढली. दोन्ही टोकांना खाली वळलेले पाय, मधलं अंतर बरोबर सव्वातीन इंच. एक पाय डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेला टेकवायचा आणि पट्टी पाठीच्या मध्यरेषेवरून सरळ मागे न्यायची. पाठीच्या कवचाच्या शेवटाशी दुसरा पाय खाली घसरला तर शेवंड लहान, तिला सोडून द्यायचं. पाय कवचावरच अडून राहिला तर ती ठेवता येते. इतकं साधं. पहिलीवर पाय अडला. दुसरीवर तो अडल्यासारखा वाटला आणि मग अगदी अलगद खाली गेला. केसाएवढं अंतर असेल. बोटीच्या मालकाने डोक्यावरचा दिवा जवळ आणून पुन्हा मोजलं. पुन्हा पाय खाली गेला. त्याने ती शेवंड बोटीच्या कडेवरून पाण्यात सोडली आणि काही न बोलता पुढचा दोर हातात घेतला.

मी आजूबाजूला पाहिलं. जवळची बोट इतकी लांब होती की त्यातली माणसं ओळखूही येत नव्हती. अधिकारी नाही, कॅमेरा नाही. काळोखी रात्र, अर्ध्या किलोहून थोडी जास्त भरणारी, भरपूर पैसे मोजूनच ताटात येणारी वस्तू हातात, आणि केसाएवढा फरक. कोणाला कळणार होतं? पण हा प्रश्न त्या बोटीत दुसऱ्या कोणाच्या मनातही आला नाही. त्या रात्री ठेवलेल्यांपेक्षा सोडलेल्या शेवंडी कितीतरी जास्त होत्या, आणि एकही सोडताना कोणी हळहळलं नाही.

नियमाचे बारकावे मी भाच्याला खोदून खोदून विचारले. मोजमाप जाळं वर आल्याबरोबर लगेच करायचं. मोजल्याशिवाय शेवंड बादलीत टाकणं हाही गुन्हा. पाणबुड्यांना तर पाण्याखालीच मोजावं लागतं, लहान शेवंड पाण्याबाहेर आणायचीच नाही. त्यांना गळ, भाला, आकडा यांतलं काहीही वापरता येत नाही, फक्त हातमोजे घातलेले हात. एका माणसाला पाच जाळी, पण बोटीवर माणसं कितीही असोत, जाळी दहाच्या वर नाहीत. टाकलेलं जाळं दोन तासांच्या आत वर काढायलाच हवं, म्हणजे जाळी टाकून घरी झोपायला जाता येत नाही. एका माणसाला सात शेवंडी, आणि त्या फक्त दिवसाच्या नाहीत. घरच्या फ्रीजरमध्ये आधीच्या सात असतील तर नवी एकही नाही. विकता तर येतच नाहीत. शेपूट समुद्रावर तोडायची नाही, रांधायची वेळ येईपर्यंत शेवंड अखंड राहिली पाहिजे, कारण माप पाठीच्या कवचाचं आहे. नुसत्या शेपटीवरून ती लहान होती की मोठी, हे कोण ठरवणार? पॉइंट लोमाच्या टोकाशी कॅब्रियोचं राखीव क्षेत्र आहे, तिथे तर काहीच धरायचं नाही. बोटीच्या पडद्यावर त्याची सीमारेषा दिसत होती आणि मालक तिच्यापासून बराच लांब राहिला.

पण सव्वातीनच का, तीन का नाही? याचं उत्तर शेवंडीच्या आयुष्यात आहे. उन्हाळ्यात मादी शेपटीखाली अंडी सांभाळत फिरते, तीही लाखांच्या हिशेबात. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू शेवंडीसारखं मुळीच दिसत नाही. ते चपटं, काचेसारखं पारदर्शक आणि बारीक बारीक पायांचं असतं. महिनोन्‌महिने ते उघड्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत जातं, पुन्हा पुन्हा कात टाकतं, आणि मग कधीतरी रूप बदलून किनाऱ्याकडे पोहत येतं. लाखांतलं एखादंच पोचतं. जे पोचतं त्याला सव्वातीन इंचांचं व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. तोवर मादीची एक-दोन वेळा तरी अंडी घालून झालेली असतात. शेवंडीला तिचं वय विचारता येत नाही. कात टाकताना ती जुनं कवच मागे सोडते, आणि वर्षं मोजायची खूण त्याच्याबरोबर जाते. म्हणून कायद्याने वयाच्या जागी लांबी धरली. तो पाय केसाच्या अंतराने घसरला त्याचा अर्थ होता, हिला अंडी घालायला अजून वेळ द्यायचा आहे. हंगामही त्याच हिशेबाने बांधला आहे. अंडी पोटाशी असतात त्या वसंत-उन्हाळ्यात समुद्र बंद, पावसाळ्यात आपल्याकडे असतो तसा.

आता कार्डाविषयी. शेवंड धरणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचं शेवंड-नोंद कार्ड असावं लागतं. २००८ पासून हे चालू आहे. सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरायला कॅलिफोर्नियात परवाना लागत नाही, सोळा वर्षांखालच्या मुलांना तर कुठेच लागत नाही. पण हे कार्ड सगळ्यांना, मुलांनाही. जाळं टाकायच्या आधी तारीख, जागेचा आकडा आणि धरण्याची पद्धत लिहायची. थांबताना किंवा जागा बदलताना किती शेवंडी ठेवल्या ते लिहायचं. हंगाम संपल्यावर ३० एप्रिलपर्यंत ही माहिती मत्स्य खात्याकडे पाठवायची. न पाठवणाऱ्याला पुढचं कार्ड घेताना जादा शुल्क भरावं लागतं.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या नावाचं कार्ड काढलं आणि भाच्याबरोबर शेल्टर आयलंडच्या सार्वजनिक धक्क्यावर गेले. तिथे माणशी दोनच जाळी. रात्रीचा धक्का म्हणजे एक जत्राच होती. फिलिपिनो, व्हिएतनामी, मेक्सिकन कुटुंबं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. कोणी घरून भात आणला होता, कोणी डोनट वाटत होतं. आमच्या शेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर आला होता. जाळं टाकण्याआधी तो कठड्यावर कार्ड ठेवून, जीभ दातांत धरून, काळजीपूर्वक तारीख लिहीत होता. आजोबा जवळ उभे होते, पण कार्ड त्यांनी हातात घेतलं नाही. कार्ड नातवाचं, नोंद नातवाने करायची.

मला त्या रात्री दोन शेवंडी मिळाल्या आणि दोन्ही पट्टीखाली घसरल्या. निघताना मी कार्ड बंद करणार तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, शून्य लिही." मी लिहिलं. मग त्याने समजावलं. किती मिळाल्या एवढंच कळलं तर समुद्रात किती उरल्यात ते कळत नाही. किती माणसं रिकाम्या हाताने परतली, तेही कळायला हवं. कार्ड काढून वर्षभर एकदाही न गेलेल्या माणसालासुद्धा 'गेलो नाही' असं कळवावं लागतं. माझ्या शून्याची कोणाला तरी गरज आहे, या गोष्टीने मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही.

सगळे लोक साधुसंत आहेत असं मी म्हणत नाही. चोरटी शिकार तिथेही होते, म्हणून तर मत्स्य खात्याचे वॉर्डन रात्री काळोखात दुर्बिणी लावून बसतात. पहिल्या रात्री आम्ही रॅम्पवर परतलो तेव्हा एक वॉर्डन बाई टॉर्च घेऊन आल्या. नम्रपणे नमस्कार करून त्यांनी कूलर उघडायला सांगितलं, प्रत्येक शेवंड स्वतःच्या पट्टीने मोजली, दोन्ही कार्डांवरचे आकडे ताडून पाहिले आणि 'छान रात्र होती, नाही?' म्हणून पुढच्या बोटीकडे गेल्या. भाच्याच्या चेहऱ्यावर धाकधूक नव्हती. मोजून घेण्यात कोणालाच अपमान वाटत नव्हता, हे मला फार आवडलं.

आणखी एक गोष्ट. धंदेवाईक मच्छीमारांचा हंगाम त्या शुक्रवारी उघडत नाही, तो पुढच्या बुधवारी उघडतो. त्यांचा माल बहुतेक जिवंत चीनला जातो आणि त्याला मोठा भाव मिळतो. तरीही पहिले काही दिवस समुद्र धक्क्यावरच्या आजोबांचा आणि नातवाचा. पैशाआधी सामान्य माणूस, हा क्रम मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, आणि ते सरसकट वाईट आहे असंही नाही. १ जून ते ३१ जुलै आपलीही यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. नारळीपौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात न जाण्याची कोळ्यांची रीत तर कुठल्याही सरकारी हुकमाहून जुनी. कॅलिफोर्नियातला माणूस हौसेने शेवंड धरतो, आपल्याकडे त्यावर घर चालतं. लहान शेवंड सोडून देणं त्याला जितकं सोपं, तितकं आपल्या मच्छीमाराला नाही, हे मला कळतं. पण मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड आठवा. १९८० च्या दशकात ती ट्रॉलरच्या जाळ्यांत भरभरून यायची. अंडी असलेल्या माद्याही सुटल्या नाहीत, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो धंदाच संपला. त्यावर जगणाऱ्यांचंच त्यात सर्वांत मोठं नुकसान झालं. २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी शेवंडीचं किमान वजन ठरवलं, आपल्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या चिखली रंगाच्या शेवंडीला ३०० ग्रॅम. पण तो नियम परदेशी जाणाऱ्या मालाचा. आपल्या मासळीबाजारात शेवंडीला माप लावताना मी आजवर कोणाला पाहिलेलं नाही.

शेवंड पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते, म्हणजे जाळ्यातून काढून परत सोडली तर ती जगू शकते. ती परत सोडली जावी असं वाटत असेल तर सुरुवात विकत घेणाऱ्याने करायला हवी. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बाजारात शेवंड घ्यायला गेलात तर ती उलटी करून पाहा. शेपटीखाली नारिंगी दाण्यांचा घोस दिसला तर घेऊ नका. काट्यावर ३०० ग्रॅम भरत नसेल तरी घेऊ नका. आणि का घेत नाही, ते विकणाऱ्या मावशीला तिथेच, नीट, आदराने सांगा.